शिक्षकाचा रविवार

मराठी वाङ्मयाने शिक्षकाची उपेक्षा केली, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. कथा, कादंबरी, नाटक, आत्मचरित्र, व्यक्तिचित्र यांपैकी कोणताही प्रकार घ्या. त्यात कोठे ना कोठे मास्तर भेटतोच. आपल्या ग्रंथकारांपैकी कितीतरी जण स्वतः शिक्षक होते, आणि जे नव्हते ते कोणा तरी शिक्षकाचे विद्यार्थी तर होतेच. त्यामुळे मास्तरांचा फळा आणि छडी, त्यांची लकब, त्यांचा राग आणि त्यांची माया यांची वर्णने आपल्याकडे विपुल आहेत. तथापि या सर्व वर्णनांना शाळेचेच वेळापत्रक लागू आहे. पहिली घंटा झाली की मास्तर पानावर अवतरतात आणि शेवटची घंटा झाली की पानावरून नाहीसे होतात. मधल्या सुट्टीत ते काय करतात हे आपल्याला ठाऊक असते. रविवारी घरी ते काय करतात हे मात्र आपल्या वाङ्मयाला फारसे ठाऊक नाही. या उणिवेचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार मनात येण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. आमच्या शाळेतील एक सहशिक्षिका मराठी आहेत. अर्धवार्षिक परीक्षेनंतरच्या एका रविवारी सकाळी काही कामानिमित्त मी त्यांच्या घरी गेलो. बैठकीच्या खोलीत दिवाणावर उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे होते. दोन सुतळीने बांधलेले, तिसरा सुटलेला. बाईंच्या हातात लाल पेन होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम त्यांच्या यजमानांकडे होते. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी मराठी गोष्टींचे एक पुस्तक घेऊन दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आई, तू केव्हाची कॉपी तपासून राहिली आहेस. माझी गोष्ट कधी?" बाईंनी मान वर न करता उत्तर दिले, "एवढा गठ्ठा संपू दे." मग मला पाहून त्या संकोचल्या आणि म्हणाल्या, "सर, गुण उद्या सकाळीच द्यायचे आहेत ना!"

गुण सोमवारी सकाळी मागणारी ती सूचना माझ्याच सहीची होती.

त्या मुलीची भाषाही मी विसरू शकलो नाही. महाराष्ट्रातील मुलाला 'कॉपी' म्हटले की परीक्षेतील चोरी आठवेल. भोपाळच्या मुलाला वही किंवा उत्तरपत्रिका. 'तपासून राहिली आहेस' हे रूप नागपुराकडूनही आले असेल आणि शेजारच्या हिंदीनेही ते पोसले असेल. ती भाषा मला दोषास्पद वाटली नाही. ती आमच्या गावची मराठी आहे. पण ती मराठी बोलायला आणि वाचायला तिला जो एक दिवस मिळतो, त्या दिवसावर माझ्या सूचनेचा शिक्का बसला होता, हे माझ्या ध्यानात आले. घरी परतल्यावर मी माझ्या कपाटातील मराठी पुस्तकांतून असा एखादा रविवार शोधू लागलो. त्या शोधात जे आढळले आणि जे आढळले नाही, ते पुढे मांडतो.

प्रथम या कामाचे माप सांगितले पाहिजे, कारण जे मोजले जात नाही ते वाङ्मयातही सहसा उतरत नाही. चाळीस विद्यार्थ्यांचे तीन वर्ग एका शिक्षकाकडे आहेत असे धरा. एका उत्तरपत्रिकेला दहा मिनिटे दिली, तर १२० उत्तरपत्रिकांना वीस तास लागतात. त्यात पुरवण्या जुळवणे, गुणांची बेरीज दोनदा पडताळणे आणि गुणपत्रकात नोंदी करणे धरलेले नाही. शनिवारची संध्याकाळ आणि रविवार यांत वीस तास बसवायचे तर झोप, स्वयंपाक आणि माणसे यांतून काही तरी वगळावेच लागते. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याच्या कामाचे किमान तास ४५ धरलेले असून त्यात पाठाच्या तयारीचे तास समाविष्ट आहेत. याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळून शिक्षकाला अन्य अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. शिकवणे आणि तयारी यांचा उच्चार कायद्याने केला. तपासणीचा निराळा उच्चार मात्र तेथे नाही. मंडळाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका मूल्यांकन-केंद्रावर बसून तपासता येतात. शाळेच्या त्रैमासिक आणि अर्धवार्षिक परीक्षांच्या उत्तरपत्रिका पिशवीत घालून घरी न्याव्या लागतात. घराचा वेळ शाळेच्या हिशेबात जमा होतो आणि त्याची पावती कोणीच देत नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. मराठीतील शिक्षकाचे सर्वांत लोभस चित्र कोणते, असा प्रश्न केला तर बहुतेक वाचक पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) या संग्रहातील चितळे मास्तरांचे नाव घेतील. ते चित्र थोर आहे यात संशय नाही. पण ते कोणाच्या डोळ्यांनी रेखाटले आहे, हे पाहिले पाहिजे. मोठा झालेला विद्यार्थी कृतज्ञतेने मागे वळून पाहतो आहे. मास्तरांच्या घरात त्याला प्रवेश आहे, पण तो शिष्य म्हणून. ते घर त्याच्या लेखी वर्गाचाच एक वाढवलेला भाग आहे. त्याच लेखकाच्या 'बिगरी ते मॅट्रिक' या लेखातील शाळा विनोदाच्या अंगाने येते, पण तेथेही दृष्टी बाकावर बसलेल्याचीच आहे. आनंद यादवांच्या 'झोंबी' (१९८७) मधील सौंदलगेकर मास्तर हे कवितेची गोडी लावणारे गुरू. दारिद्र्याशी झुंजणाऱ्या एका मुलाच्या जीवनात ते उजेडासारखे येतात. उजेड कोठून येतो याची चौकशी तो मुलगा करीत नाही, आणि करू नये हेच स्वाभाविक आहे. कृतज्ञतेचे वाङ्मय असेच असते. त्याला देणारा हात दिसतो; तो हात घरी गेल्यावर काय करतो हे दिसत नाही.

दुसरा प्रकार त्यागी शिक्षकाचा. याचा आदर्श मराठी मनात साने गुरुजींनी निर्माण केला. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि तेथील मुलांसाठी ते स्वहस्ते दैनिक लिहीत असत. छात्रालय हेच त्यांचे घर आणि मुले हाच त्यांचा संसार. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या 'श्यामची आई' मध्ये जे घर आहे, ते शिक्षकाने मागे सोडलेले, बालपणीचे घर आहे. गुरुजींच्या जीवनाविषयी बोलताना कोणाचाही आवाज नम्र व्हावा. पण एका ब्रह्मचाऱ्याचे जीवन हा सर्व गृहस्थ शिक्षकांसाठी मापदंड झाला, याचा परिणाम आपण विचारात घेतलेला नाही. ज्याला दुसरे घर नव्हते त्याने शाळेलाच घर केले, हे थोर खरे. परंतु ज्याला घर आहे त्याने ते शाळेत विलीन करावे, ही अपेक्षा त्यातून निघत नाही. समाजाने ती काढली. शिक्षकदिनाची भाषणे ऐकताना मला पुष्कळदा असे वाटते की, ती ज्या शिक्षकाला उद्देशून केलेली असतात, त्याला ना पत्नी असते, ना पती, ना मुले, ना वृद्ध आई.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. आपल्या आधुनिक कथनसाहित्यात आणि नाटकात ज्या शिक्षकांनी स्वतःच्या तोंडाने काही सांगितले, ते बहुधा एकटे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) चा निवेदक हा स्वतः शिक्षक आहे आणि त्याची दृष्टी कोणाकडून उसनी घेतलेली नाही. मेंढरांमागे जाणारी मुले शाळेत आणण्यासाठी तो खटपट करतो, गावाच्या भांडणतंट्यांत आणि सुखदुःखांत ओढला जातो, तालमीची इमारत उभी करण्याचा ध्यास घेतो. आणि दुष्काळ पडून गाव उठून जातो तेव्हा त्याचे कामच नाहीसे होते. शिक्षकाच्या अंगावर शाळेबाहेरचे किती काम पडते याचे इतके संयमित चित्रण मराठीत दुसरे क्वचितच असेल. परंतु हा मास्तर तरुण आहे, परगावी एकटा आहे. गावाला आपला वेळ देताना तो कोणाकडून काढून घेत नाही. भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक. 'बिढार' (१९७५) पासून 'झूल' (१९७९) पर्यंतच्या चार कादंबऱ्यांतून तो एका गावाहून दुसऱ्या गावी, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जात राहतो. शिक्षणसंस्थेचे अंतरंग, तिथली माणसे आणि तिथली क्षुद्रता ही या कादंबऱ्यांनी निर्भयपणे उघड केली. पण पहिल्या कादंबरीचे नावच सांगते की त्याच्या वाट्याला बिऱ्हाड आहे, घर नाही.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधील लीला बेणारे हिचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. ती शाळेत शिकवते, ते काम तिला मनापासून आवडते आणि त्या कामात तिला बोल लावायला जागा नाही. खेळ म्हणून सुरू झालेल्या अभिरूप खटल्यात तिचे खासगी जीवन सर्वांसमोर पिंजून काढले जाते, आणि तिची नोकरीही त्यात जाते. शिक्षकाच्या घराकडे समाज पाहतच नाही असे वर म्हटले. येथे तो पाहतो, पण तपासण्यासाठी. शिक्षकाने शाळेसाठी घराचा किती वेळ दिला हे कोणी विचारीत नाही; घरात काय चालते ते शाळेला शोभते का, हे मात्र सगळे विचारतात. पुरुष शिक्षकाच्या बाबतीतही हे घडते, परंतु शिक्षिकेच्या बाबतीत ते नित्याचे आहे. तिच्या हातातील गठ्ठा हे तिचे कर्तव्य, आणि गठ्ठ्यामुळे उशिरा चढलेली डाळ हा तिचा दोष. तेंडुलकरांनी या दुटप्पीपणाचे टोक दाखविले. त्या टोकाच्या अलीकडे पसरलेला रोजचा प्रदेश अद्याप लिहावयाचा राहिला आहे.

यावर कोणी म्हणेल की, वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' (१९६६) मधील विद्यानंद यांना घर आहे. आहे; पण ते नाटक एका सत्त्वशील आचार्यावर आलेल्या आळाचे आणि त्यातून झालेल्या त्याच्या पतनाचे आहे. मोठ्या आघातांत घर कोसळते ते नाट्याला सोयीचे असते. दर रविवारी थोडेथोडे झिजणारे घर रंगभूमीला दिसत नाही. झिजण्याला प्रवेश नसतो, अंक नसतो. म्हणूनच हा विषय नाटकापेक्षा कथेचा आणि कादंबरीचा आहे, असे मला वाटते.

मग ज्यांनी हे जीवन प्रत्यक्ष जगले, त्या लेखक-शिक्षकांनी ते का लिहिले नाही? केशवसुतांनी फैजपूर आणि धारवाड येथे शिक्षकाची नोकरी केली, वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत होते आणि तेथेच त्यांचे कादंबरीलेखन सुरू झाले. इंदिरा संतांवर १९४६ साली पतीच्या निधनानंतर तीन मुलांचा भार आला आणि बेळगावला अध्यापन करीत त्यांनी तो वाहिला. 'मेंदी' (१९५५) मधील कविता वाचताना त्या कवयित्रीच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या कामाचे कागद असतील असे आपल्या मनातही येत नाही. विरह, निसर्ग, एकाकीपण यांना त्या कवितेत जे शब्दरूप लाभले आहे ते चिरंतन आहे; तपासायच्या वह्या मात्र तिच्या केंद्रस्थानी आल्या नाहीत. हा दोष म्हणून मी सांगत नाही. कविता ही या कामातून सोडवून घेतलेली घटका असेल, तर त्या घटकेत पुन्हा तेच काम कोण आणील? शिवाय आपल्या व्यवसायाची एक प्रतिष्ठा आहे, आणि घरच्या ओढाताणीचा उच्चार करणे म्हणजे त्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणे, अशी भावना आपणा शिक्षकांत खोलवर रुजलेली आहे. दारिद्र्याविषयी आपण बोललो, कारण दारिद्र्यात तेज असते. वेळेच्या तुटीविषयी बोललो नाही, कारण तिच्यात तेज नाही. तीत केवळ चिडचीड, शिळी पोळी आणि न वाचलेली गोष्ट असते.

घराची साक्ष ज्यांनी दिली त्या घरातल्या स्त्रिया होत. महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्याच काळात त्यांनी विधवांसाठी आश्रम काढून १९०० साली तो हिंगण्यास नेला. महाविद्यालय आणि हिंगणे यांमधील वाट ते पायी तुडवीत. ही वाट मराठी माणसाला पाठ आहे, कारण महर्षींच्या 'आत्मवृत्ता'त आणि त्यांच्या चरित्रांत ती आहे. परंतु त्या वाटेच्या एका टोकाशी एक संसारही होता, तो आनंदीबाई कर्वे यांच्या 'माझे पुराण' (१९४४) या आत्मकथनात सापडतो. स्वतः बालविधवा असलेल्या या बाईने १८९३ साली कर्व्यांशी विवाह केला, आणि पतीचे लक्ष, वेळ आणि पैसा संस्थेकडे वाहत असताना घर चालविण्याची खटपट तिने केली. तिच्या सांगण्यात पतीविषयीचा आदर कोठेही उणावत नाही, आणि म्हणूनच तिच्या तक्रारीला वजन आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४ ते १९३७) मध्येही, नोकऱ्या आणि गावे बदलणाऱ्या, लहर लागली की सर्वस्व देऊन टाकणाऱ्या पतीबरोबरचा संसार हसत हसत सांगितला आहे. या दोन ग्रंथांची थोरवी सर्वमान्य आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की, कार्यमग्न पुरुषाच्या घराचे खरे वर्णन त्या पुरुषाने केले नाही. ते त्याच्या पत्नीने, पुष्कळ वर्षांनी, बोलीच्या साध्या ओघात केले. आता शिक्षक स्त्रियाच मोठ्या संख्येने आहेत. ज्या हाताने पूर्वी घराची साक्ष दिली त्याच हातात आज लाल पेन आहे. त्या हाताला तिसरे काम, लिहिण्याचे, कोण देणार?

आमच्या भोपाळच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकांनी ती समजून घ्यावी अशी माझी इच्छा आहे. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी येथे आली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर या गावांहून पुष्कळ मराठी कुटुंबे कचेऱ्यांबरोबर येऊन तात्या टोपे नगरसारख्या वसाहतींत राहिली. त्या पिढीची मुले घरी, शेजारी आणि गणेशोत्सवात मराठी बोलत. आज त्यांची नातवंडे शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात, मित्रांशी हिंदी बोलतात. मराठी उरते ती घरात, आणि घरात ती उरते ती ज्या वेळी आई-वडील मोकळे असतील त्या वेळी. शिक्षकाच्या घरात तो वेळ म्हणजे रविवार. सहा दिवस जो हिंदीत शिकवतो आणि सातव्या दिवशी हिंदीतील उत्तरे तपासतो, त्याच्या मुलाच्या कानावर मराठी पडावी केव्हा? भाषा टिकविण्यासाठी आम्ही व्याख्याने ठेवतो, संमेलने भरवतो, स्पर्धा घेतो. ते सर्व योग्यच आहे. पण एखाद्या मुलाला झोपण्यापूर्वी वाचून दाखविलेली एक मराठी गोष्ट या सर्वांहून अधिक काम करते, आणि ती गोष्ट गठ्ठ्याखाली दबलेली असते.

याच माळव्याच्या मातीतील मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण येथे आठवते. थोरले गजानन माधव हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले; धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. घर मराठी, आणि तरी एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले, हे त्या घरातील भाषेच्या समृद्धीचे लक्षण होय. गजानन माधवांनी आयुष्याचा मोठा भाग शिक्षक म्हणून, आणि १९५८ पासून राजनांदगावला प्राध्यापक म्हणून घालविला. त्यांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली राज्य सरकारने बंदी घातली. १९६४ साली त्यांना आजारी अवस्थेत भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आणले, तेथून दिल्लीस नेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यानंतर निघाला. नोकरी, संसार आणि लेखन या तिन्हींना पुरेल एवढा वेळ त्या शिक्षकाला मिळाला नाही, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या प्रदेशाने हे एकदा पाहिलेले आहे.

वेळेच्या प्रश्नाइतकाच लक्षाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि येथे टीकाकार आणि परीक्षक यांचे नाते स्पष्ट होते. उत्तरपत्रिका तपासणे हे समीक्षेचेच एक नम्र रूप आहे. दुसऱ्याने काय लिहिले, त्याला काय म्हणावयाचे होते, तो कोठे चुकला आणि चुकतानाही त्याच्या हाती काय लागले होते, हे ओळखणे हेच दोघांचे काम. फरक एवढाच की समीक्षकापुढे एक ग्रंथ असतो आणि परीक्षकापुढे एकाच प्रश्नाची एकशे वीस उत्तरे. पहिल्या पाच उत्तरपत्रिका आपण कडक तपासतो, मधल्या पन्नास सवयीने, आणि शेवटच्या दहा थकव्याने, हे आपल्यापैकी प्रत्येक जण मनात जाणतो. थकलेला परीक्षक दोघांवर अन्याय करतो: गठ्ठ्याच्या तळाशी ज्याचे नाव आहे त्या विद्यार्थ्यावर, आणि गठ्ठा संपल्यावर जे मूल वही घेऊन पुढे येते त्या स्वतःच्या मुलावर. परक्याच्या मुलाच्या चुकीला आपण समजुतीने खूण करतो आणि आपल्या मुलाच्या चुकीवर ओरडतो. कारण समजूत तोवर संपलेली असते. एका कुशल कथाकाराला पुरेल एवढे नाट्य या एका वाक्यात आहे, आणि त्यासाठी कोणालाही खलनायक करावे लागत नाही.

अशा कथेकडून माझी अपेक्षा काय, हेही सांगितले पाहिजे. ती गाऱ्हाण्याची कथा नसावी. गाऱ्हाण्याला सभा आणि अर्ज ही साधने आहेत, आणि ती वापरावीत. शिक्षकाला हुतात्मा करणारी कथाही नको. तसे वाङ्मय आपल्याकडे भरपूर आहे, आणि त्याच्याच सावलीत हा प्रश्न झाकला गेला. हवी आहे ती माप सांभाळणारी कथा, जीत गठ्ठा आणि गोष्टीचे पुस्तक या दोन्हींना आपापले वजन असेल. उत्तरपत्रिकेतील मुलगाही खराच आहे. त्याने तीन तास मान मोडून लिहिले आहे, आणि त्याच्या अक्षरांना वाचक मिळाला पाहिजे. दाराशी उभी असलेली मुलगीही खरी आहे. या दोघांपैकी एकाला खोटे ठरवून हा पेच सोडविणारा लेखक वाचकाला फसवील. मला असेही वाटते की हे लेखन शिक्षकांनीच करावे, आणि विशेषतः शिक्षिकांनी. पूर्वी आनंदीबाईंना आणि लक्ष्मीबाईंना ज्या साध्या बोलीने साथ दिली ती आजही जिवंत आहे; भोपाळची, थोडी हिंदीच्या वळणाची झालेली मराठीही त्या कामाला उणी पडणार नाही. 'तपासून राहिली आहेस' या तीन शब्दांत क्रियेचे जे न संपणे आहे, ते प्रमाण मराठीतील कोणते रूप इतक्या नेमकेपणाने सांगेल?

टीकालेखाच्या शेवटी लेखकाने स्वतःविषयी बोलू नये असा संकेत आहे. तो क्षणभर मोडतो. वाङ्मयातील उणीव दाखविणाऱ्याने आपल्या हातून होणारी चूक तशीच ठेवणे बरे नव्हे. त्या रविवारनंतर मी आमच्या शाळेतील सूचनेत एक बदल केला. शुक्रवारी संपणाऱ्या परीक्षेचे गुण आता सोमवारी सकाळी मागितले जात नाहीत. ते पुढच्या शनिवारपर्यंत द्यावयाचे असतात, आणि त्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाला तपासणीसाठी रोज एक तास मोकळा दिला जातो. तो तास काढताना वेळापत्रकाची ओढाताण झाली, आणि निकाल पाच दिवस उशिरा लागला म्हणून काही पालकांनी विचारणाही केली. मी त्यांना कारण सांगितले. एक गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरीही शिक्षिका आहेत."

त्या बाईंची मुलगी पुढे एकदा शाळेच्या कार्यक्रमात भेटली. गोष्टीचे पुस्तक संपले का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "अजून वाचून राहिलो आहोत." हे वाक्य मी सुधारले नाही.